खेळाला कळता कामा नये

रात्रीचे पावणेबारा

साल २००४, महिना ऑक्टोबर, मुक्काम सदाशिव पेठ. वाड्याच्या वरच्या मजल्यावर तुम्ही कॉट बेसिसवर राहता. खोलीत दोन खाटा, एक टेबल, दोरीवर वाळणाऱ्या जीन्स आणि एक पंखा. पंखा तीनवर नेला की किरकिरतो आणि खालून काकूंची काठी तक्तपोशीवर वाजते. म्हणून तो कायम दोनवर.

तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शरीर उसनं असलं तरी बोटांना की-बोर्ड पाठ आहे, त्यामुळे काळजी नको. फक्त येताना आणलेला मोबाइल खिशातच राहू द्या. इथं त्याला विचारून काही मिळणार नाही. समोरच्या पीसीत मोडेम आहे, पण त्याचं निम्मं काम विंडोजमधला ड्रायव्हर करतो. लिनक्सखाली तो नुसता पत्र्याचा तुकडा. आणि चालला असता तरी काकूंनी फोनची वायर वर येऊ दिली नसती. अडलात तर पेरुगेटजवळचा सायबर कॅफे उघडेपर्यंत थांबायचं, उत्तर वहीत उतरवून आणायचं, आणि एखादा स्वल्पविराम राहिला तर पुन्हा जायचं.

पीसी तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला आहे. पंधरा इंची मॉनिटरची पाठ इतकी लांब की टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय. २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, जीफोर्स एमएक्स ४४० कार्ड. कॅबिनेटचं एक पान काढून खाटेखाली सरकवलंय, आत हवा जावी म्हणून.

यावर विंडोज एक्सपी होतं. एप्रिलच्या शेवटी सॅसर नावाचा व्हायरस सुटला, कुणाच्या तरी खोलीतून हबवर उतरला आणि तुमच्याही पीसीवर ती खिडकी यायला लागली: साठ सेकंदांत मशीन बंद होणार, काय ते सेव्ह करून घ्या. एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. तीनदा फॉरमॅट मारून झाला. चौथ्या वेळी तुम्ही वैतागून रेड हॅट ९ च्या तीन सीड्या घातल्या. व्हायरस गेला.

"व्हायरस गेला रे, पण काउंटरपण गेलं," खाटेवरून पार्टनर म्हणतो. पार्टनर म्हणजे रूम पार्टनर, सोलापूरचा. पीसीत निम्मे पैसे त्याचे आहेत, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आहे. उद्या रविवार. चार खोल्यांची मॅच ठरलीय. गॅलरीतून लॅनची केबल ओढून झालीय. "दहा वाजेपर्यंत काउंटर-स्ट्राइक चाललं तर ठीक. नाहीतर मी फॉरमॅट मारून परत विंडोज टाकतोय."

"टाक. पण दहापर्यंत हात लावायचा नाही."

"आणि त्या सीडीवर काय लिहिलंयस ते आधी पूस. काकू झाडायला येतात."

सीडीवर तुम्ही मार्करनं ठळक लिहिलंय: वाइन.

साडेबारा

वाइनच्या आवृत्तीला अजून नीटसा आकडा नाही, तारीख आहे. कॅफेवाल्याकडून सीडीवर लिहून आणलेली ही सप्टेंबरची. आणलाय तोही तयार प्रोग्रॅम नव्हे, सोर्स. तो इथंच बांधून घ्यायचा. तुम्ही टर्मिनलच्या काळ्या चौकटीत 'कॉन्फिगर' म्हणता, मग 'मेक' म्हणता, आणि ओळींचा पाऊस सुरू होतो. या मशीनवर हे तासाभरात आटोपणारं काम नाही. पार्टनर घोरायला लागलाय. तेवढ्यात जरा मागे जाऊन येऊ.

जुलै १९९३

अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या तळघरातली संगणकांची खोली. एसीनं दात वाजतायत. लिनक्सचं वय दोन वर्षं, त्याचा १.० हा आकडाही अजून यायचाय. जगातल्या कचेऱ्यांत विंडोज ३.१ ठाण मांडून बसलंय. सन कंपनीनं आपल्या महागड्या मशीनवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाबी आणायचं ठरवलंय, आणि बॉब अॅमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी लिनक्ससाठी तसंच काही करायला घेतलंय. नाव वाइन. 'वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरं, आणि त्या वाक्यातला पहिला शब्दही पुन्हा वाइनच.

एम्युलेटर नव्हे म्हणजे काय, हे इथं उभ्याउभ्या समजून घ्या. पहाटे चारला हेच कामाला येणार आहे.

विंडोजच्या एक्झी फाइलमध्ये असतात ते प्रोसेसरला दिलेले हुकूम. प्रोसेसर तर लिनक्सखालीही तोच, इंटेलचा. बेरीज करायला, उडी मारायला, गोळी कुठं लागली याचा हिशेब करायला त्याला विंडोज लागत नाही. अडतं ते मागणीपाशी. खेळाला पडद्यावर खिडकी हवी असते, फाइल उघडून हवी असते, आवाज काढायचा असतो. हे तो स्वतः करत नाही, ठरलेल्या नावानं हाक मारून मागतो: 'क्रिएटविंडो', 'क्रिएटफाइल'. विंडोजखाली त्या हाकेला ओ देणारे असतात. लिनक्सखाली हाक हवेत विरते आणि खेळ कोसळतो.

दौऱ्यावरचं नाटक आठवा. पुण्याचा प्रयोग सांगलीला लागतो. नटाला काय हवं? डावीकडे दार, मधे कोच, उजवीकडे खिडकी. त्यानं दार ढकललं की ते उघडलं पाहिजे. दारामागे भिंत आहे, दोरखंड आहेत की चहाची किटली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वाइन हा असा नेपथ्यवाला आहे. तो पुण्याचं थिएटर उचलून सांगलीला नेत नाही. ते करणारा तो एम्युलेटर, आणि त्यात अर्धी ताकद ओझ्यातच जाते. वाइन फक्त सेट उभा करतो. खेळ 'सी' ड्राइव्ह मागतो, तेव्हा वाइन तुमच्याच डिरेक्टरीतला एक फोल्डर पुढे करतो. २००४ मधल्या तुमच्या मशीनवर त्या फोल्डरचं नावच आहे 'फेक विंडोज'. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला सारखीच; म्हणून खेळानं फाइलचं नाव कसंही घेतलं तरी वाइन मागच्या मागे फोल्डर धुंडाळून जुळणारी फाइल हाती देतो.

नियम एकच. आपण सांगलीत आहोत हे खेळाला कळता कामा नये.

नियम सोपा आहे, काम नव्हे. मूळ थिएटरात डाव्या दाराची कडी नादुरुस्त असेल आणि नटाला लाथ मारून दार उघडायची सवय लागली असेल, तर सांगलीतही कडी नादुरुस्तच ठेवावी लागते. विंडोजमधल्या चुकांवरसुद्धा प्रोग्रॅम विसंबून असतात. त्या चुकाही जशाच्या तशा वठवायच्या. त्यातून मूळ नकाशा बघायची बंदी. २००४ च्या फेब्रुवारीत विंडोज २००० च्या सोर्सचा काही भाग बाहेर फुटला, तेव्हा वाइनवाल्यांनी तिकडे ढुंकून न पाहणंच शहाणपणाचं होतं, कारण पाहिलेला माणूस तो भाग पुन्हा लिहायला कायद्याच्या दृष्टीनं बाद. मग शिकायचं कसं? छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून विंडोजला बाहेरून प्रश्न विचारायचे. ही फाइल नसताना उघडली तर काय म्हणतोस? लांबी शून्य दिली तर? आलेलं उत्तर टिपून घ्यायचं आणि तसंच्या तसं द्यायचं. १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार या कामाचा कारभार पाहतोय. उत्तरं देणाऱ्यांतले पुष्कळजण फावल्या वेळात बसलेले. त्यांना कुणी पगार देत नाही.

याच १९९३ च्या डिसेंबरात डूम येईल आणि पुढच्या वर्षी त्याची खास लिनक्ससाठीची आवृत्तीही निघेल. पण तो मान मिळणारे खेळ मोजकेच. बाकीच्यांच्या खोक्यावर विंडोज लिहिलेलं असेल, आणि तुमच्यासारख्यानं नेपथ्य स्वतःच उभारायचं असेल. चला, मेक संपत आलंय.

दोन वाजता

पहिल्या झटक्यात काउंटर-स्ट्राइक चालवायचं धाडस होत नाही. आधी काहीतरी बारकं. सीड्यांच्या चळतीत एक आहे, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलंय 'बाबांचे पत्ते'. बाबा बँकेत आहेत. त्यांच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर विंडोज ३.१ होतं आणि त्यात सॉलिटेअर. माऊस धरायला बाबा त्याच्यावरच शिकले. बँकेतले निम्मे लोक त्याच्यावरच शिकले. पुढे तो कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा बाबांनी एका फ्लॉपीत पत्ते तेवढे भरून घरी आणले. फ्लॉपी कुजायच्या आत तुम्ही त्यांची सीडी करून ठेवलीत.

तुम्ही टाइप करता: वाइन, मग पत्त्यांच्या फाइलचं नाव. एंटर.

टर्मिनलवर ओळी उमटतात. जवळून पाहा, रात्रभर याच सोबतीला आहेत. प्रत्येकीची सुरुवात 'फिक्समी' या शब्दानं. पुढे वाइनच्या कुठल्या भागातून ती आली ते, मग कुठली हाक आली ते, आणि शेवटी बहुधा 'स्टब'. याचा अर्थ: या नावानं हाक आली, मी ओ दिली, पण काम मला अजून येत नाही. नेपथ्याच्या भाषेत ही पडद्यावर रंगवलेली खिडकी. नट तिच्याकडे नुसता बघणार असेल तर प्रयोग बिनबोभाट पार पडतो. तिच्यातून उडी मारायला गेला तर कपाळमोक्ष. आणि वाइनची रीत अशी की रंगवलेली प्रत्येक खिडकी तो विंगेतून तुमच्या कानात सांगतो. ही खरी नाही बरं. हीही नाही. दुरुस्त करायचीय.

हिरवं मैदान उघडतं. सात गड्ड्या मांडलेल्या. तुम्ही पानांची पाठ बदलून बेट आणि नारळाच्या झाडाची करता, बाबांची आवडती. पान उचलता, ते माऊससोबत सरकतं, सोडल्यावर जागेवर बसतं.

पार्टनरचा एक डोळा उघडतो. "दोन वाजेपर्यंत जागून पत्ते?"

"झोप तू."

सव्वादोन ते साडेचार

आता खरं काम. काउंटर-स्ट्राइक चालू करता. मॉनिटर काळा होतो, निळसर उजेड फेकतो आणि एक चित्र येतं. मग दुसरं. दर सेकंदाला जेमतेम एक. माऊस हलवला तर भिंत थोड्या वेळानं विचार करून हलते.

ही चूक वाइनची नाही. रेड हॅटनं तुमच्या कार्डासाठी जो ड्रायव्हर घातलाय त्याला चित्र दाखवता येतं, त्रिमिती काढता येत नाही. ते सगळं प्रोसेसर हातानं काढतोय. एन्व्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर सीडीवर आणलाय. तो बसवायला ग्राफिक्सचा सगळा पसारा बंद करून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर यावं लागतं. मग कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एका ओळीत 'एनव्ही' आहे त्याचं 'एन्व्हिडिया' करायचं. चार अक्षरं वाढवायची, बस्स. तुम्ही वाढवता, आणि एका अवतरणचिन्हाला खाऊन टाकता. पडदा काळा. कर्सर लुकलुकतोय. एकोणीस वर्षांचं काळीज धडधडतं: दहाच्या आतच फॉरमॅट मारावा लागणार. फाइल पुन्हा उघडा. वरून एकेक ओळ वाचा. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या ओळीला ते चिन्ह सापडेल.

ड्रायव्हर बसला की नाही हे बघायची पद्धत ठरलेली आहे. 'जीएलएक्सगिअर्स' चालवायचं. काळ्या चौकटीत तीन दातेरी चाकं, लाल, हिरवं, निळं, एकमेकांत दात अडकवून फिरतात, आणि टर्मिनलवर दर पाच सेकंदांनी किती चित्रं झाली याचा आकडा पडतो. मघाशी तो शेकड्यांत होता. आता हजारांत आहे. चाकं इतकी वेगानं फिरतायत की उलटी फिरल्यासारखी दिसतायत. यात खेळ काही नाही. तरी तुम्ही दोन मिनिटं बघत बसता.

पुन्हा काउंटर-स्ट्राइक. पडदा काळा. आवाज नाही, चित्र नाही. टर्मिनलवर फिक्समींचा ढीग, आणि जवळपास सगळे डायरेक्टथ्रीडीच्या घरचे.

इथं तळघरातला धडा आठवा. डायरेक्टएक्स मायक्रोसॉफ्टनं १९९५ मध्ये आणलं, आणि त्यातलं डायरेक्टथ्रीडी फक्त विंडोजलाच येतं. वाइनला त्यातलं प्रत्येक वाक्य लिनक्सच्या ओपनजीएलमध्ये उलथून सांगावं लागतं, आणि २००४ मध्ये ही दुभाषेगिरी बाल्यावस्थेत आहे. ओपनजीएल मात्र दोन्ही गावांत बोललं जातं. खेळ जर तेच बोलणारा असेल तर वाइननं मधे पडायचीही गरज नाही. मागणी जशी येईल तशी कार्डाकडे सरकवायची.

आणि हा खेळ ते बोलतो. काउंटर-स्ट्राइक उभं आहे १९९८ च्या हाफ-लाइफवर, हाफ-लाइफचं इंजिन आयडी सॉफ्टवेअरच्या क्वेकच्या इंजिनावर, आणि आयडीनं १९९७ मध्येच क्वेकला ओपनजीएल शिकवलं होतं. आजोबांकडून आलेली भाषा नातवाच्या तोंडी आहे. व्हिडिओच्या पानावर तीन पर्याय दिसतात: सॉफ्टवेअर, ओपनजीएल, डायरेक्टथ्रीडी. मधला निवडा.

डस्ट टूचा नकाशा उघडतो. पिवळी वाळू, लाकडी खोकी, कमानी. चित्र लोण्यासारखं सरकतं. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठता आणि मग माऊस उजवीकडे ओढता. बंदूक वळते, वळते आणि थांबते, कारण माऊसचा बाण खेळाच्या चौकटीबाहेर जाऊन लिनक्सच्या डेस्कटॉपवर पोचलाय. तुम्ही गोळी झाडायला क्लिक करता आणि त्यानं कचऱ्याचा डबा उघडतो. यावरचा तोडगा वहीत आहे, कॅफेत उतरवलेला: वाइनच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डीएक्सग्रॅब' नावाची ओळ, तिच्यापुढच्या 'एन'चा 'वाय' करायचा. एका अक्षरात बाण वेसणीत येतो.

उरला आवाज. गोळ्या मुक्या सुटतायत. साउंडकार्डाच्या दाराशी एका वेळी एकालाच उभं राहता येतं, आणि तिथं आधीच डेस्कटॉपचा आवाजवाला, ईएसडी, ठाण मांडून आहे. खिडकी बंद करताना एक टिचकी वाजवण्यासाठी त्यानं सगळं दार अडवलंय. त्याला 'किलऑल' म्हणून हाकलता. पुढची गोळी स्पीकरमधून अशी सुटते की खालून काठी वाजते. एकदा. दोनदा.

"झोपा रे आता!"

"हो काकू!"

घड्याळात साडेचार. मंडईकडे जाणारा पहिला टेम्पो वाजतो.

रविवार, सकाळचे दहा

पार्टनर टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसतो. हबचे हिरवे दिवे लुकलुकतात. शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर शिरतो, बंदूक विकत घेतो, आणि पहिल्याच फेरीत लांबच्या दारापाशी दोघांना उडवतो. बारा वाजेपर्यंत तो एकदाही तुमच्याकडे बघत नाही. बारा वाजता मात्र विचारतो, "मग परत विंडोज कधी टाकलंस?"

टर्मिनलची चौकट तुम्ही खाली दडवली होती. तिथं दोन तासांचे फिक्समी साठलेत.

मात्र फुशारकी मारू नका. दुपारी पार्टनर दुसरा खेळ घेऊन येईल. त्याच्या सीडीवर नकलेविरुद्धचं कुलूप असेल, आणि सीडी ड्राइव्हमध्ये फिरत असताना खेळ म्हणेल की सीडी घाला. तिसरा खेळ नुसता डायरेक्टथ्रीडी बोलणारा निघेल. त्याचा काळा पडदा कुठल्याच ओळीनं उजळणार नाही. ट्रान्सगेमिंग कंपनीचं सेडेगा त्यासाठीच आहे, महिना पाच डॉलर. पण ते भरायला क्रेडिट कार्ड लागतं आणि तुमच्याकडे आहे ते मेसचं कार्ड. लोकी सॉफ्टवेअरनं नावाजलेले खेळ रीतसर लिनक्सवर आणून खोक्यांतून विकले होते. ती कंपनी २००२ च्या जानेवारीतच बंद पडलीय. मंगळवारपर्यंत हार्ड डिस्कचे दोन भाग होतील आणि एकावर विंडोज परत येईल. दोघांच्या भांडणावर पुण्यात निघणारा हाच तोडगा: मधे भिंत घाला.

पुढे, भराभर

इथून गाडी जोरात जाते, पट्टा बांधा. जून २००८: वाइन १.० येतं, पंधरा वर्षांनी. फेब्रुवारी २०१३: व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम, म्हणजे खेळांचं ऑनलाइन दुकान, रीतसर लिनक्सवर येतं, आणि त्याच वर्षी, ज्याच्यासाठी तुम्ही रात्र जाळलीत, ते काउंटर-स्ट्राइक १.६ थेट लिनक्सचं होऊन मिळतं. वाइन नको, ड्रायव्हरची फाइल नको. जरा वाईट वाटेल, वाटू द्या.

जरा हळू घ्या, २०१८. फिलिप रेबोले नावाच्या एका जर्मन प्रोग्रॅमरला 'निअर ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचाय. डायरेक्टथ्रीडीला ओपनजीएलमध्ये उलथणं अजूनही अडखळतंच, पण २०१६ मध्ये व्हल्कन नावाची नवी भाषा आलीय, कार्डाच्या पुष्कळ जवळ जाणारी. डायरेक्टथ्रीडी ११ चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा दुभाष्या तो लिहितो. डीएक्सव्हीके त्याचं नाव. तुमच्या पहाटेच्या काळ्या पडद्याचं उत्तर हे, चौदा वर्षं उशिरा आलेलं. व्हॉल्व्ह तो दुभाष्या आणि वाइन एकत्र बांधून प्रोटॉन काढतं. २१ ऑगस्टला तो बाहेर पडतो तेव्हा अधिकृत यादीत २७ खेळ असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक येतो, हातात धरायचा, सात इंची पडद्याचा. आत लिनक्स आहे. विकत घेणाऱ्या कितीकांना ते ठाऊक नसतं, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर बटण दाबलं की सुरू होतात.

तरी एक जात अशी उरते की तिला फसवता येत नाही. व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन खेळ खेळाडूंची लबाडी पकडणारा पहारेकरी सोबत आणतात, आणि तो विंडोजच्या थेट गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. हा नट दार उघडून थांबत नाही. भिंत विटांची आहे की प्लायवूडची हे हातोडी मारून बघतो. एपेक्स लेजंड्स काही वर्षं लिनक्सवर चाललं, २०२४ च्या शेवटी त्यानं लबाडीचं कारण देऊन दार लावून घेतलं. नेपथ्य कितीही चोख असलं तरी, आपण कुठल्या गावात आहोत याची चौकशी करायलाच जो आलाय, त्याच्यापुढे ते चालत नाही.

आजची संध्याकाळ

तुम्ही परत आलात. वय आपापलं. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, हल्ली गुडघ्यामुळे घरातच असतात. खण आवरताना ती सीडी निघाली. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय, पण वाचता येतं.

नवा लॅपटॉप, विंडोज ११. यूएसबीचा ड्राइव्ह लावून तुम्ही पत्ते उघडता. विंडोज सांगतं की हे अॅप या पीसीवर चालू शकत नाही. चालणार कसं? बाबांचे पत्ते १६ बिटचे, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवलेली नाही. विंडोज ११ तर ६४ बिटचंच असतं. ज्या घरात हा खेळ जन्मला, त्या घरात आता त्याची हाक ओळखणारं कुणी नाही.

तुमच्या कपाटात एक जुना लॅपटॉप आहे, लिनक्सचा. त्यावर वाइन आहे, पॅकेजमधून आपोआप बसलेलं, कुणी रात्र न जागता. तुम्ही टाइप करता: वाइन, मग पत्त्यांच्या फाइलचं नाव. टर्मिनलवर एक फिक्समी उमटतो. एवढ्या वर्षांनीही कुठेतरी एक खिडकी रंगवलेलीच आहे, आणि तो ते अजूनही सांगतो.

हिरवं मैदान उघडतं. तुम्ही लॅपटॉप बाबांच्या मांडीवर ठेवता. ते चष्मा नाकावर सरकवतात, काळ्या आठीवर लाल सत्ती ठेवतात. चार डाव होतात. हे कुठल्या सिस्टिमवर चालतंय असं त्यांनी विचारलेलं नाही.

"माझ्या पानांची पाठ ही नव्हती," ते म्हणतात.

तुम्ही पाठ बदलता. बेट, नारळाचं झाड, वर कोपऱ्यात सूर्य. बाबा पत्ते लावायचे सोडून त्या सूर्याकडे बघत बसतात. तुम्ही विचारायला तोंड उघडता तर ते हात वर करतात: थांब. ते ज्याची वाट बघतायत त्यासाठी विंडोजच्या घड्याळाला ठरावीक वेळानं टोला द्यावा लागतो, आणि ते घड्याळ इथं नाही. ते कुणीतरी, कधीतरी, फावल्या वेळात, हुबेहूब त्याच ठोक्याचं लिहिलंय.

सूर्य गॉगल चढवतो आणि जीभ दाखवतो.

"हां," बाबा म्हणतात, आणि पुढचं पान उलटतात.